पहिल्या घोटानंतर

कादोवाकी बाईंच्या घरी चूल उघडायचा दिवस दरवर्षी नोव्हेंबरचा दुसरा रविवार असे. उन्हाळाभर वापरलेली शेगडी आदल्या दिवशी माळ्यावर जाई, चटईचा चौकोन उचलून त्याखालची जमिनीतली चूल मोकळी केली जाई, आणि वसंतात खुडलेला, उन्हाळाभर मुरत ठेवलेला वर्षाचा नवा चहा त्या दिवशी पहिल्यांदा प्यायला जाई. बाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत.

त्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मिचिए नोत्सू फाटकाशी पोचली तेव्हा इतोहारा काका आधीच येऊन छत्री झटकत उभे होते. मात्सुए या पावसाळी शहरात जेवणाचा डबा विसरला तरी चालतो, छत्री विसरून चालत नाही. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. तळ्यातले शिंपले विकण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता दुकान मुलाकडे होते.

"या, मुख्य पाहुण्या," काका म्हणाले. "आज तोंड तुमचं, पोट आमचं."

"पोट रिकामं ठेवलंत ना?"

"सकाळी नुसतं शिंपल्याचं पाणी प्यायलोय. आमच्या घरात त्याला उपासच म्हणतात."

हानाए साएगुसा धावत आली. ती अडतीस वर्षांची, दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि बाईंकडे येऊन तिला जेमतेम चार वर्षे झाली होती. तिने पाठ वळवली.

"ताई, किमोनोच्या पट्ट्याची गाठ बघा हो जरा. बोळा झालाय का?"

"बोळा नाही. गाठोडं झालंय," मिचिए म्हणाली आणि गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

मुख्य पाहुणी कोण, हे बाई ठरवत. यंदा त्यांनी पत्र पाठवून मिचिएला सांगितले होते. चहाच्या खोलीत मुख्य पाहुण्याने बोलायचे असते. भिंतीवरच्या अक्षरपटाबद्दल, फुलाबद्दल, भांड्याबद्दल यजमानिणीला काय विचारायचे ते तोच विचारतो, आणि बाकीचे त्याच्या मागून मान लववतात. मिचिए छप्पन्न वर्षांची होती. बाईंकडे तिचा एकोणतिसावा हिवाळा चालू होता. शिकवण्याचे प्रमाणपत्र तिला बारा वर्षांपूर्वी मिळाले होते, पण तिने कोणाला शिकवले नव्हते. नवरा आठ वर्षांपासून ओसाकात नोकरीला होता आणि महिन्यातून एकदा येई. आठवड्याचे बाकीचे दिवस कामाचे होते. बाईंकडच्या सरावाची गुरुवार संध्याकाळ तेवढी तिची होती.

नोकरी तिची नगरपालिकेच्या पाणी खात्यात. रोज सकाळी आठ वाजता तिच्यासमोर पाण्याचे नमुने कोमट करून ठेवले जात आणि तिने ते हुंगून, चाखून लिहायचे असे: वास कसला, किती, चव कसली, किती. यंत्रे होतीच. पण तळ्यात शेवाळ वाढले की यंत्राच्या आधी मिचिएच्या नाकाला कळे, हे खात्यात सगळ्यांना माहीत होते.

याच कारणाने सहा वर्षांपूर्वी बाईंनी तिच्याकडून एक शब्द घेतला होता. मागच्या खोलीत दोघी भांडी धूत होत्या. बाईंना आपल्या गुरू आठवल्या. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत.

"थोरल्या बाईंची शेवटची चार वर्षं तू पाहिली नाहीस," बाई म्हणाल्या. "कधी चहाची पूड घालायच्याच विसरायच्या आणि नुसतं गरम पाणी घुसळून पुढे ठेवायच्या. विचारायच्या, चहा कसा जमलाय? आम्ही म्हणायचो, उत्तम. मग इथे येऊन बाही तोंडात कोंबून हसायचो. मीसुद्धा हसले. त्यांना वाटत राहिलं की सगळं उत्तम चाललंय. तशाच गेल्या."

त्यांनी धुतलेला वाडगा मिचिएच्या हातात दिला.

"माझं असं व्हायला नको. ज्या दिवशी माझा चहा बिघडेल त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. तू सांगायचंस. मी त्याच दिवशी हात धुऊन मोकळी होईन."

"मीच का, बाई?"

"तुझी जीभ नगरपालिकेची आहे. ती खोटं बोलली तर गाव आजारी पडेल."

मिचिए हसून "बरं" म्हणाली होती. तेव्हा बाई शहात्तर वर्षांच्या होत्या आणि जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होत्या. त्यानंतर दर गुरुवारी बाईंनी घोटलेला किंवा घुसळलेला चहा पिताना मिचिएला तो शब्द आठवे आणि चहा चांगला निघाला की ती मनातल्या मनात सुटे. बाई थांबल्या तर चहाचे हे घर बंद होणार होते. त्यांच्यामागे कोणी नव्हते.

साडेदहाला तिघे आत गेले. साडेचार चटयांची खोली, कागदी खिडक्यांतून येणारा करडा उजेड, कोपऱ्यात एकच कळी असलेली कॅमेलियाची फांदी. मिचिए चुलीच्या बाजूला पहिल्या जागी बसली, मग काका, मग हानाए. बाई आल्या, वाकल्या, आणि पाहुण्यांसमोर निखाऱ्यांवर कोळसे रचू लागल्या. बारीक, जाड, आडवा, उभा, प्रत्येक कोळशाची जागा ठरलेली. शेवटी त्यांनी सुगंधी द्रव्याच्या गोळ्या निखाऱ्याशेजारी ठेवल्या.

गोळ्या दोन ठेवतात. बाईंनी चार ठेवल्या.

लवंगेचा आणि चंदनाचा दाट वास खोलीत भरला. काका मिचिएच्या कानाशी पुटपुटले, "डोळ्यांत पाणी आलं की. माझ्याच तेराव्याला बसल्यासारखं वाटतंय."

मिचिएने ओठ हलवू न देता "गप्प" म्हटले. चार गोळ्या तिने मोजल्या होत्या. पण बाईंचे हात पाहून तिने तो आकडा बाजूला सारला. हात बरोबर होते. शेगडीवरून चुलीवर येताना पहिले काही दिवस सगळ्यांचेच हात चुकतात. बसायचा कोन बदलतो, पळी ठेवायची पद्धत बदलते, आणि सहा महिन्यांची सवय मध्ये येते. दरवर्षी या दिवशी बाई स्वतःसुद्धा एखाद्या ठिकाणी अडखळत आणि स्वतःलाच "अगं बाई" म्हणत. यंदा एकदाही अडखळल्या नाहीत.

अझुकीच्या लाल दाण्यांचे गोड कढण आले, त्यात मोचीचे, म्हणजे तांदळाच्या भाजलेल्या चिकट वडीचे, दोन-दोन तुकडे. ते खाऊन तिघे बाहेर अंगणातल्या बाकावर जाऊन बसले आणि बाईंनी घंटा वाजवल्यावर परत आत आले. आता घट्ट चहा. चूल उघडायच्या दिवसाचा सगळा अर्थ या एका वाडग्यात असतो.

बाईंनी रेशमी पिशवीतून चहाची बुटकी बरणी काढली, पुसली, चमची पुसली. काळ्या वाडग्यात पूड घातली, पाणी घातले आणि बांबूच्या रवीने घोटायला सुरुवात केली. हा चहा घुसळत नाहीत, घोटतात. फेस येऊ द्यायचा नसतो. थोडे पाणी, घोटणे, पुन्हा थोडे पाणी. किटलीतल्या पाण्याचा सूर आणि रवीचा ओला आवाज, एवढेच ऐकू येत होते. तिघांनी एकाच वाडग्यातून प्यायचे असते, म्हणून पूडही तिघांची.

वाडगा मिचिएसमोर आला. तिने तो हातावर घेतला, कपाळाशी नेला, दोनदा फिरवला आणि पहिला घोट घेतला.

घट्टपणा बरोबर होता. ऊब बरोबर होती. गुठळी नव्हती. पण हा चहा तिच्या ओळखीचा होता. सप्टेंबरभर सरावाच्या गुरुवारी ती तोच पीत आली होती. गेल्या नोव्हेंबरात फोडलेली डबी, जी संपवून टाकायची म्हणून बाई सरावाला वापरत होत्या, तिच्यातला हा चहा. वर नुसता कडवटपणा होता, खाली काही नव्हते. आणि मागून जो वास नाकात चढला तो सुगंधी गोळ्यांचा नव्हता.

यजमानीण हा चहा पीत नाही. आपण काय घोटले ते तिला पाहुण्याच्या तोंडूनच कळते. म्हणून पहिल्या घोटानंतर तिने विचारायचे असते, आणि बाईंनी चुलीकडून अर्धे वळून, दोन्ही हात चटईवर टेकून विचारले.

"चहा कसा जमलाय?"

या प्रश्नाला उत्तर एकच आहे. चारशे वर्षांत दुसरे कोणी दिले असल्याचे मिचिएने ऐकले नव्हते. वाडगा तिच्या हातात होता. डावीकडे काका बसले होते, त्यांच्यापलीकडे हानाए, आणि दोघेही तिच्या तोंडाकडे पाहत होते. बाईंचा चेहरा खाली होता.

"उत्तम जमलाय," मिचिए म्हणाली.

बाई वाकल्या. मिचिएने आणखी दोन घोट घेतले, आपण प्यायलो ती कड पुसली, वाडगा काकांकडे दिला. काका प्यायले.

"वा," ते म्हणाले. "नव्या चहाची चवच न्यारी."

हानाएने शेवटी राहिलेला सगळा चहा संपवला आणि मान लववली.

आता मुख्य पाहुणीने चहाची चौकशी करायची. मिचिएने विचारले, "चहाचं नाव?"

"माळावरचं दहिवर."

"कुठला?"

"उजीचा. यंदाचा," बाई म्हणाल्या. "कालच डबी काढली."

मिचिएने आभार मानले.

पातळ चहा झाला, वस्तू पाहून झाल्या, दीड वाजता सगळे संपले. काका बाहेर पडले. भांडी धुवायला मिचिए आणि हानाए मागच्या खोलीत गेल्या. बाई गुडघ्याला शेक घेत आत बसल्या होत्या. फळीवर डब्या होत्या तशाच ठेवल्या होत्या: दोन, एकसारख्या, एकीच्या झाकणावरची कागदी पट्टी अखंड. फोडलेल्या डबीत तळाला थोडी पूड उरली होती. मिचिएने ती खिडकीजवळ नेली. हिरवी म्हणावी अशी ती नव्हती.

"ताई, ही चाळणी धुवायची का नुसती झटकायची?" हानाएने विचारले.

"झटक. पाणी लावू नकोस." मिचिएने डबी बंद करून जागेवर ठेवली.

हानाए चाळणी झटकत राहिली. मग म्हणाली, "आज कळला मला घट्ट चहा. म्हणजे, कसा लागायला हवा ते."

मिचिएने तिच्याकडे पाहिले नाही. "वाडगा पालथा घालू नकोस, उताणाच वाळू दे," एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी तिने हिशेब मांडून पाहिला. बाईंची चूक कोणाला कळली नव्हती. कळणारही नव्हती. चाललेले घर एका डबीपायी बंद पाडायचे कशाला? आणि बाई विसरल्या होत्या, ज्या दिवशी विसरू नये त्याच दिवशी विसरल्या होत्या. थोरल्या बाईंचीही सुरुवात अशीच झाली असणार. पहिल्या वेळी कोणीतरी उत्तम म्हटले असणार, आणि त्या कोणाचीतरी कारणेही अशीच असणार. मिचिएने दोन्ही बाजू नीट तपासल्या. रात्रीचे जेवण केले, भांडी घासली, झोपली.

सोमवारी सकाळी आठ वाजता तिने सात नमुने चाखले. सहा ठीक होते. सातव्यासमोर तिने लिहिले: मातीचा वास, किंचित. सही केली, वेळ घातली. मग साहेबांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

चहाच्या दुसऱ्या दिवशी मुख्य पाहुणीने यजमानिणीकडे जाऊन आभार मानायचे असतात. ते दारातच मानायचे, आत यायचे नाही, पाच मिनिटांवर थांबायचे नाही. मिचिए अकराला पोचली. बाईंनी दार उघडले. त्या घरातल्या जाड सुती किमोनोत होत्या, हातात भांडे पुसायचा कपडा.

"काल आपण बोलावलंत, फार आनंद झाला," मिचिएने ठरलेले वाक्य म्हटले.

"आलात, मलाही आनंद झाला," बाईंनी ठरलेले उत्तर दिले. मग आवाज बदलून म्हणाल्या, "रजा काढून आलीस? फोन केला असता तरी चाललं असतं की गं. चहा घेऊन जा."

"नको. इथेच सांगते." मिचिएने छत्री भिंतीला टेकवली. "बाई, कालचा चहा उत्तम नव्हता."

बाईंनी हातातल्या कपड्याची घडी घातली.

"मग काय होता?"

"गेल्या वर्षीचा होता. नवी डबी फोडलेलीच नाही. मी पाहिली."

"पाहिलीस कधी?"

"भांडी धुताना."

"आणि कळलं कधी?"

"पहिल्या घोटाला."

"मी विचारलं कधी?"

"पहिल्या घोटानंतर."

"म्हणजे कळल्यावर उत्तम म्हणालीस."

"हो."

बाई उंबऱ्याशी वाकल्या. त्यांनी मिचिएसाठी घरातल्या सपाता काढून समोर ठेवल्या. "आत ये. पाच मिनिटांत व्हायचं नाही हे."

स्वयंपाकघरात टेबलाशी दोघी बसल्या. बाईंनी फळीवरून दोन्ही डब्या आणून मध्ये ठेवल्या.

"तुला वाटलं, म्हातारीची बुद्धी गेली."

"वाटलं."

"बुद्धी आहे. नाक गेलंय. मार्चमध्ये ताप आला होता ना, तेव्हापासून. शेजारच्या घरात मासा जळला तरी मला पत्ता नसतो. गॅस चालू राहिला होता एकदा, पाण्याचं मीटर बघणारा सांगायला आला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"येईल म्हणाले. मग म्हणाले, बहुतेक येणार नाही. आठ महिने झाले." बाईंनी डबी हातात फिरवली. "परवा दोन्ही फळीवर होत्या. मी डबीला नाक लावून ओळखते, पन्नास वर्षं तसंच करत आले. नाक लावलं, काही आलं नाही. दुसरीला लावलं, तिचंही नाही. हात ज्या डबीवर आधी पडला ती घेतली."

"पट्टी तरी बघायचीत."

"पट्टी ज्यांना नाक नाही त्यांनी बघायची. मला आपण त्यांच्यातले झालोय हे कुठे मान्य होतं?"

"सांगितलं का नाहीत, बाई? गुरुवारी मी असते. मी डब्या काढून दिल्या असत्या."

"तू का नाही सांगितलंस?"

मिचिएकडे उत्तर होते, पण ते चांगले नव्हते. तरी तिने दिले. "तुम्ही थांबाल म्हणून."

"मीही त्यासाठीच नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. "झाली फिटंफाट. आता सांग, कसा होता? चाखल्यासारखं सांग. तिकडे कागदावर लिहितेस तसं."

"वास ओल्या पुठ्ठ्याचा. त्याखाली वाळलेल्या शेवाळाचा."

"किती?"

"पाचात तीन."

"चव?"

"कडू आधी येतं आणि तेवढंच राहतं. गोडी नाही. घोट उतरल्यावर जीभ कोरडी पडते."

"घोटलेला कसा होता?"

"घोटलेला बिनचूक."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर विशेष काही दिसले नाही. त्या उठल्या आणि भिंतीवरच्या फोनशी गेल्या. "आता त्या दोघांना सांगायला हवं. माझ्या घरी जुना चहा नवा म्हणून दिला गेला, ते मला तसंच ठेवायचं नाही."

"मी करते फोन."

"यजमानीण मी होते."

पहिला फोन इतोहारा काकांना. काकांचा आवाज दुकानातून बोलायच्या सवयीचा, रिसीव्हरबाहेर सहज ऐकू येणारा.

"जुना? काय सांगता बाई! मी तर घरी येऊन बायकोला सांगितलं, असा चहा दहा वर्षांत झाला नाही म्हणून."

"मग आता जाऊन सांगा की झाला नव्हता."

"अहो, ती म्हणेल, तुमचं कधी खरं असतं? बाई, खरं सांगू का? शिंपला मेलेला की जिवंत ते मी टोपलीच्या आवाजावरून ओळखतो. चहातलं मला ओ का ठो कळत नाही. चाळीस वर्षं मुख्य पाहुणा जे म्हणेल ते मी मोठ्याने म्हणतो. काल मिचिए म्हणाली उत्तम, मी म्हटलं वा."

"कळलं. गुरुवारी या."

"येतो की. गुरुवार आहे ना? म्हणजे, आहे ना?"

"या तर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसरा हानाएला. ती जेवणाच्या सुटीत होती. बाईंनी तिला तेच, त्याच शब्दांत सांगितले. पलीकडून हानाएचा बारीक आवाज आला. बाईंनी मिचिएला हाताने जवळ बोलावले आणि रिसीव्हर दोघींच्या मध्ये धरला.

"...मला लागला होता थोडा वेगळा. सप्टेंबरसारखा. पण ताई उत्तम म्हणाल्या ना. म्हटलं, माझीच जीभ कच्ची. मग मी दोन-तीन घोट लक्ष देऊन घेतले, आणि ठरवलं, हं, म्हणजे नवा चहा असा लागतो. डायरीत लिहूनसुद्धा ठेवलं."

"काय लिहिलंस?"

"वर कडू, मागून पुठ्ठ्यासारखा वास. यंदाचा नवा चहा. उत्तम."

"खोडून टाक," बाई म्हणाल्या. "फक्त शेवटचं. आधीचं बरोबर आहे."

फोन ठेवून त्या परत टेबलाशी आल्या. मिचिए उभीच होती. एकोणतीस वर्षांत तिने एका माणसाला काही शिकवले होते, तर ते हे होते.

"ऐकलंस ना?" बाई म्हणाल्या. "तिची जीभ बरोबर होती. तू ती खोटी पाडलीस."

"हो."

"मी थोरल्या बाईंना हसले तेव्हा मला वाटायचं, फसतात त्या एकट्याच. कोपऱ्यात कोण नवीन मुलगी बसली असायची, तिच्याकडे कोण बघतंय?"

मिचिए बसली. पुढचे तिला माहीत होते आणि ते तिने स्वतःच विचारले. "आता तुम्ही थांबणार."

"थांबणार. बोलले तसं."

"बाई, नाकच गेलंय ना. हात तर आहेत. डब्या मी उघडीन, वास मी घेईन, गोळ्या मोजून ठेवीन. काल चार ठेवल्या होत्या तुम्ही."

"चार? म्हणून इतोहारांच्या डोळ्यांत पाणी होतं होय." बाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे मी घोटायचं आणि तू हुंगायचं. दोघी मिळून एक बाई. जत्रेत चालेल तसलं काही." मग त्यांनी अखंड पट्टीची डबी मिचिएकडे सरकवली. "चहा मी करणार नाही. घर बंद करीन असं मी कधी म्हटलं नव्हतं, ते तू तुझं धरून चाललीस. गुरुवारी तू घोट. मी येईन, शेवटच्या जागी बसेन. हात चुकले तर सांगेन, हात मला दिसतात."

"मी कधी शिकवलेलं नाही."

"शिकवलंस की. काल. आता ते निस्तर."

मिचिएने विचारायच्या आधीच बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुख्य पाहुणीच्या जागी हानाएला बसवायचे.

"तिला चारच वर्षं झाली आहेत. काकांचा मान आहे."

"काकांना ओ का ठो कळत नाही, आत्ताच म्हणाले."

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मिचिएने मागच्या खोलीत डबीची पट्टी फाडली, पूड चाळली आणि बरणीत भरली. हुंगताना तिला बाई दारात उभ्या दिसल्या. तिने झाकण लावले. सुगंधी गोळ्या दोन ठेवल्या. खोलीत पहिल्या जागी हानाए बसली होती, खांदे कानापर्यंत चढलेले. मग काका, आणि त्यांच्यापलीकडे, खिडकीखाली, बाई. त्या जागी त्यांना कोणी कधी पाहिले नव्हते, आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन त्या इतक्या ताठ बसल्या होत्या की काका दोनदा वळून पाहून स्वतःही ताठ झाले.

मिचिएचे हात उन्हाळ्यातल्यासारखे वळले. शेगडी असल्यासारखी ती चुलीशी सरळ बसली आणि मग कोन आठवून सरकली. खिडकीखालून "हं" असा आवाज आला. पळी ठेवताना आणखी एक "हं". तिने पूड घातली, पाणी घातले, घोटले. दुसऱ्यांदा पाणी घालताना तिचे मन हिरव्या रंगाकडे होते आणि पाणी कमी पडले. हे तिला रवी जड झाली तेव्हा कळले, पण तोवर पळी जागेवर गेली होती.

वाडगा हानाएपुढे गेला. तिने तो फिरवला, पहिला घोट घेतला, आणि तो तोंडात थोडा जास्त वेळ ठेवला.

मिचिए अर्धी वळली, हात टेकले. "चहा कसा जमलाय?"

हानाएने घोट गिळला. काकांनी सवयीने "वा" साठी श्वास घेतलेला ऐकू आला, आणि तो त्यांनी तसाच धरून ठेवला. किटलीत पाणी वाजत होते.

"वास फार छान आहे," हानाए म्हणाली. "पण ताई, घट्ट झालाय. घोट खाली उतरत नाही."

मिचिए खाली वाकली, नेहमी वाकतात तितकीच. "पुढच्या वेळी पाणी बघून घालीन," ती म्हणाली.

हानाएने कड पुसून वाडगा पुढे दिला. काका प्यायले, गिळायला त्यांना दोन प्रयत्न लागले, आणि त्यांनी डोळे पुसत मान हलवली. वाडगा बाईंकडे पोचला. त्यांनी तो पुरता तिरपा केला आणि तळातला चहा ओठांपर्यंत यायची वाट पाहिली. तो सावकाश आला.

"मुलगी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "हा तर चमच्याने खायचा."